विश्लेषण : विश्वविजेतेपद आहे, पगारी लीग नाही, धाराशिवच्या खो-खोपटू मुलींचे करिअर नेमके कशावर उभे आहे?

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळवर ७८-४० अशी मात केली. विजेत्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्याआधी याच जिल्ह्यातल्या सारिका काळेने भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. विश्वचषकानंतरच्या महिन्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, डायना टॉरासी ही अमेरिकेची विख्यात बास्केटबॉल गार्ड निवृत्त झाली. तिने कारकिर्दीतली मोठी कमाई मायदेशात नव्हे, तर रशिया आणि तुर्कस्तानात केली होती. धाराशिवच्या मुलीसाठी असा परदेशचा रस्ता नाही आणि देशातली व्यावसायिक लीगही आतापर्यंत फक्त पुरुषांची झाली आहे. मग जिल्ह्यातली एखादी मुलगी दहा-बारा वर्षे खो-खोला देते, ती कशाच्या भरवशावर? जगातले एक उदाहरण आणि जिल्ह्यातले वास्तव शेजारी ठेवून घेतलेला हा आढावा.

डायना टॉरासीला परदेशात का जावे लागले?

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. त्यात साधारण दोन गार्ड असतात. चेंडू पुढे नेणे, चाल रचणे आणि लांबून नेम साधणे हे त्यांचे काम. टॉरासी या जागेवरची सर्वात यशस्वी खेळाडू मानली जाते. २००४ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकी महिला लीगच्या निवड प्रक्रियेत ती पहिल्या क्रमांकावर निवडली गेली. फिनिक्स मर्क्युरी या एकाच संघाकडून ती २० हंगाम खेळली, लीगच्या इतिहासात सर्वाधिक १० हजार ६४६ गुण तिने केले आणि २००४ ते २०२४ या काळात ऑलिम्पिकची सहा सुवर्णपदके जिंकली.

असे असूनही मायदेशातल्या मानधनावर ती समाधानी राहू शकली नाही. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यातला आणि काही महिन्यांचाच. उरलेल्या महिन्यांत ती मॉस्कोच्या स्पार्टाक, नंतर तुर्कस्तानच्या फेनरबाचे व गलातासराय आणि पुढे रशियातल्या येकातेरिनबुर्ग या क्लबकडून खेळली. युरोपीय महिला क्लब फुटबॉलपेक्षा वेगळी अशी बास्केटबॉलची स्वतःची युरोलीग आहे. ती तिने सहा वेळा जिंकली.

सर्वात बोलके वर्ष २०१५. फिनिक्सने २०१४ मध्ये विजेतेपद मिळवले होते. तरीही पुढचा संपूर्ण अमेरिकी हंगाम टॉरासी खेळली नाही. तिने विश्रांती घ्यावी आणि हिवाळ्यात ताजेतवाने यावे, यासाठी रशियन क्लबनेच तिला पैसे दिले. त्यावेळच्या वृत्तांनुसार डब्ल्यूएनबीएत तिचे वार्षिक मानधन सुमारे १ लाख ७ हजार डॉलर होते, तर रशियातून सुमारे १५ लाख डॉलर मिळत होते. म्हणजे जवळपास १४ पट. घरच्या लीगपेक्षा जास्त पैसे देऊन परक्या क्लबने तिला घरच्या लीगमधून बाहेर ठेवले, असा हा प्रकार होता.

परदेशातली ही बाजारपेठ चालते कशी?

आधी जागांचा हिशेब पाहू. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत ३५० हून अधिक संस्थांचे महिला संघ आहेत. एका संघात सरासरी १३ मुली धरल्या तरी संख्या साडेचार हजारांवर जाते. २०२४ पर्यंत डब्ल्यूएनबीएत १२ संघ होते आणि प्रत्येकात जास्तीत जास्त १२ खेळाडू, म्हणजे एकूण १४४ जागा. पुरुषांच्या एनबीएत ३० संघांच्या नियमित जागा ४५० आणि प्रत्येकी तीन जोड-कराराच्या जागा धरून कमाल ५४०. उरलेल्या हजारोंपैकी ज्यांना खेळूनच पोट भरायचे आहे, ते परदेशाकडे वळतात.

या वाटेवरचे पुरुषांमधले ठळक नाव माइक जेम्स. २०१२ मध्ये एनबीएच्या एकाही संघाने त्याला निवडले नाही. क्रोएशियातल्या झाग्रेबपासून त्याने सुरुवात केली. पुढे इटली, ग्रीस, स्पेन, रशिया असा प्रवास करत तो मोनाकोच्या संघात पोहोचला, २०२३-२४ च्या हंगामात युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि या स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा खेळाडूही झाला. एनबीएत त्याच्या वाट्याला आलेले सामने मात्र मोजकेच.

हे सगळे शक्य होते ते व्यवस्थेमुळे. बहुतेक देशांच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंचा कोटा ठरलेला असतो. खेळाडूचा करार एजंट ठरवतो. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना जागतिक महासंघ ‘फिबा’च्या नियमानुसार आधीच्या देशाच्या संघटनेचे ना-हरकत पत्र लागते. क्लबने पैसे बुडवले तर दाद मागण्यासाठी २००७ पासून स्वतंत्र लवाद आहे. म्हणजे खेळाडू परदेशात जातो तेव्हा त्याच्यामागे करार, नियम आणि तक्रारीची जागा असते.

धोके तरीही आहेत. डिसेंबर २०१० मध्ये तुर्कस्तानात टॉरासीवर उत्तेजक द्रव्य घेतल्याचा ठपका आला, क्लबने करार संपवला आणि काही आठवड्यांनी प्रयोगशाळेनेच आपला अहवाल मागे घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची फिनिक्समधली सहकारी ब्रिटनी ग्रायनर हिला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली. कैद्यांच्या अदलाबदलीत ती डिसेंबरमध्ये सुटली. युक्रेन युद्धानंतर रशियाची ही बाजारपेठ अमेरिकी खेळाडूंसाठी जवळपास बंद झाली.

हे उदाहरण धाराशिवला कसे लागू पडते?

दोन्हीकडे मूळ अडचण एकच आहे : खेळाडू जागतिक दर्जाची, पण घरची लीग तिला पोसत नाही. फरक पुढच्या पायरीवर आहे. अमेरिकी गार्डला घरी कमी मिळाले तर बाहेर विचारणारे क्लब होते. खो-खोपटूला बाहेर विचारणारा पगारी क्लब नाही. दिल्लीच्या विश्वचषकात पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ खेळले, अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाचेही संघ आले. पण या देशांत खेळाडूला महिन्याचा पगार देणारी खो-खो लीग अजून उभी राहिलेली नाही. खेळातली दरीही मोठी आहे. भारतीय महिलांनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले, यावरून ती लक्षात येते.

त्यामुळे टॉरासीच्या आयुष्यात जी जागा रशियन क्लबची होती, ती धाराशिवच्या मुलीच्या आयुष्यात सरकारी नोकरीची आहे. खेळाचे मोल तिथेच पैशात बदलते.

धाराशिवमध्ये खो-खो इतका का रुजला?

तेव्हाचा उस्मानाबाद आणि आताचा धाराशिव हा आठ तालुक्यांचा जिल्हा कमी पावसाच्या पट्ट्यात येतो. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत राज्यातल्या मोजक्या जिल्ह्यांसोबत त्याचेही नाव आहे. मोठे उद्योग कमी, शेती पावसावर, ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणारी कुटुंबे मोठ्या संख्येने. अशा ठिकाणी जलतरण तलाव, सिंथेटिक ट्रॅक किंवा नेमबाजीची रेंज लागणारा खेळ वाढणे अवघड. खो-खोला दोन खांब, मोकळे मैदान, आखणीसाठी फक्की आणि वेळेवर येणारा प्रशिक्षक एवढे पुरते. सरावाला महागडे साहित्य लागत नाही, बूट नसले तरी मातीवर खेळता येते.

पण केवळ स्वस्त आहे म्हणून खेळ रुजत नाही. तसे असते तर प्रत्येक दुष्काळी जिल्ह्यातून राष्ट्रीय खेळाडू आले असते. इथे सातत्याने चालणारा सराव आणि संघटनेचे काम हा दुसरा भाग आहे. सारिकाचे प्रशिक्षक चंद्रजीत जाधव हे महाराष्ट्र खो-खो असोसिएशनच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी सांभाळलेले धाराशिवचे कार्यकर्ते. प्रशिक्षण आणि संघटना एकाच गावात असल्याने निवड चाचणी कधी, शिबिर कुठे, अर्ज कुणाकडे, ही माहिती मुलींपर्यंत वेळेत पोहोचत राहिली. राज्याच्या महिला संघाच्या यादीत पुणे, ठाणे, मुंबई उपनगरच्या बरोबरीने धाराशिवचे नाव नियमित दिसते, ते यामुळे.

तिसरा भाग म्हणजे नमुना. गावातलीच एक मुलगी भारताची कर्णधार होते, तिला नोकरी लागते, हे डोळ्यांसमोर दिसल्यावर पुढच्या मुलीच्या घरी समजूत काढणे सोपे जाते.

सारिका काळेचा प्रवास काय सांगतो?

सारिका वयाच्या तेराव्या वर्षी मैदानात आली. खो-खो खेळणाऱ्या नातलगाने तिला या खेळाकडे आणले. घरची परिस्थिती बेताची होती. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे फारशी कमाई करता येत नव्हती, आई शिवणकाम करत होती, घर आजी-आजोबांच्या मिळकतीवर चालत होते. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तिने माध्यमांना सांगितले होते की, जवळपास दहा वर्षे दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळत असे. चांगले अन्न मिळायचे ते शिबिरात किंवा स्पर्धेच्या काळात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीत झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला. सारिकाच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. पण त्याच २०१६ मध्ये घरच्या आर्थिक अडचणींमुळे तिने खेळ सोडण्याचा निर्णय जवळपास घेतला होता. आजी आणि प्रशिक्षकांनी समजूत घातल्यावर ती पुन्हा मैदानात आली. भारताची सुवर्णविजेती कर्णधार आणि खेळ सोडण्याच्या विचारात असलेली मुलगी या एकाच वर्षातल्या दोन गोष्टी आहेत. पदकाने घरातला प्रश्न सुटला नव्हता.

तो सुटला नोकरीने. पुरस्कार मिळाला तेव्हा ती तुळजापूर येथे राज्य शासनाच्या सेवेत क्रीडा अधिकारी होती. खो-खोला अर्जुन पुरस्कार मिळण्यासाठीही १९९८ च्या शोभा नारायण यांच्यानंतर २२ वर्षे वाट पाहावी लागली. म्हणजे मधल्या दोन दशकांत खेळलेल्या संपूर्ण पिढ्यांना देशपातळीवरचा हा मान मिळालाच नाही.

अल्टिमेट खो-खो लीगमुळे काय बदलले?

पुरुषांसाठी बरेच. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्याच्या बालेवाडीत झाला. सहा संघ होते. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजचा ४६-४५ असा पराभव केला. दुसरा हंगाम डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये कटक येथे झाला आणि गुजरात जायंट्स विजेते ठरले. मॅटवरचे सामने, वजीर, स्काय डाइव्हला जादा गुण, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण यामुळे खेळाचे रूप पालटले.

पहिल्या हंगामात खेळाडूंचे चार गट होते. ‘अ’ गटाला ५ लाख, ‘ब’ गटाला ३ लाख, ‘क’ गटाला दीड लाख आणि ‘ड’ गटाला १ लाख रुपये. हंगाम २२ दिवसांचा. त्या दिवसांपुरते पाहिले तर ही रक्कम ग्रामीण खेळाडूसाठी मोठी आहे. वर्षभरात विभागली तर ‘अ’ गटाच्या खेळाडूलाही महिन्याला ४२ हजारांच्या आत पडते आणि ‘ड’ गटाच्या खेळाडूला साधारण ८ हजार ३०० रुपये. त्यातही हंगाम दरवर्षी होईलच याची खात्री नाही. पहिल्या दोन हंगामांमध्ये सव्वा वर्षापेक्षा जास्त अंतर होते.

मुलींच्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळी आहे. हे दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. धाराशिवची ओळख प्रामुख्याने मुलींच्या खो-खोमुळे झाली, आणि जिथे पैसा आला त्या मैदानात मुलींना जागाच नव्हती. डब्ल्यूएनबीएतल्या १४४ जागा कमी वाटतात. इथे आकडा शून्य आहे.

कबड्डीला जमले ते खो-खोला का जमत नाही?

प्रो कबड्डी लीगचे उदाहरण नेहमी दिले जाते. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली होती, १२ लाख ८० हजार रुपयांची. दहाव्या हंगामासाठी २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. म्हणजे कबड्डीत परदेशी खेळाडू महाराष्ट्रात येऊन कोट्यवधी कमावतो. अमेरिकी गार्डचा जो प्रवास आपण वर पाहिला, त्याचीच ही भारतीय आवृत्ती.

यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, कबड्डी १९९० पासून पुरुषांसाठी आणि २०१० पासून महिलांसाठी आशियाई क्रीडा स्पर्धेत आहे. पदकाला मान्यता असल्याने इतर देशांच्या सरकारांनीही संघांवर खर्च केला, म्हणून इराण, दक्षिण कोरियाचे खेळाडू तयार झाले. खो-खो अजून आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ नाही. दुसरे, प्रक्षेपक कंपनीचीच लीगमध्ये मोठी गुंतवणूक असल्याने कबड्डीचे हंगाम होत राहिले. तिसरे, पोलीस, रेल्वे, सेनादल, बँका यांचे कबड्डी संघ दशकानुदशके आहेत. लीग येण्याआधीच नोकरीचा पाया होता.

मात्र कबड्डीचे यशही मुलींसाठी अर्धेच आहे. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत महिलांची तीन संघांची स्पर्धा झाली, पण तिची नियमित लीग झाली नाही. त्यामुळे ‘खो-खोची लीग मोठी झाली की मुलींचेही आपोआप भले होईल’ हे गृहीतक कबड्डीच्या अनुभवावर टिकत नाही. महिला लीग वेगळी आणि मुद्दाम उभी करावी लागते.

मग आज मुलींचा आधार काय?

तीन गोष्टी. पहिली, नोकरीतले आरक्षण. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पदाचा गट जितका वरचा, तितकी स्पर्धेची आणि पदकाची पातळी वरची लागते. अतिउच्च कामगिरी करणाऱ्यांसाठी थेट नियुक्तीचा मार्गही आहे. दुसरी, रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरण यांसारख्या संस्था. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचे संघ राज्यांच्या बरोबरीने उतरतात. तिसरी, रोख बक्षिसे.

बक्षिसांच्या बाबतीत २०२५ चे वर्ष लक्षात राहणारे ठरले. विश्वचषक जिंकणाऱ्या महाराष्ट्रातल्या खेळाडूंसाठी राज्य सरकारने प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. त्याच विजेत्या संघांतल्या कर्नाटकच्या दोन खेळाडूंना त्यांच्या राज्याने प्रत्येकी ५ लाख रुपये देऊ केले. महाराष्ट्राचा दाखला देत त्या दोघांनी ही रक्कम नाकारली. एकाच स्पर्धेतल्या, एकाच सुवर्णपदकाची किंमत सीमेच्या दोन बाजूंना ४५ पट वेगळी ठरली. खेळाडूचे मोल बाजार ठरवत नाही, राज्य सरकार ठरवते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

या व्यवस्थेत अडचण काय आहे?

सव्वादोन कोटी ही रक्कम एका खेळाडूचे आयुष्य बदलते, यात शंका नाही. पण ती शिखरावर पोहोचलेल्या मोजक्यांनाच मिळते. राज्य संघात १५ मुली असतात, भारतीय संघात राज्यातून तीन-चार जातात. उरलेल्या अकरा-बारा जणीही तितकीच वर्षे घालवून तिथे आलेल्या असतात. अमेरिकेत शिखर आणि पायथा यांच्या मधे पायऱ्या आहेत : शिष्यवृत्तीवरचे महाविद्यालयीन शिक्षण, छोट्या देशांतल्या लीग, मधल्या दर्जाचे क्लब. धाराशिवच्या मुलीसाठी मधल्या पायऱ्या फार कमी. नोकरी लागली तर सगळे, नाही तर जवळपास काहीच नाही.

दुसरी अडचण वेळेची. खो-खोत वेग आणि चपळाईला महत्त्व असल्याने बहर साधारण १८ ते २८ या वयात असतो. नेमके हेच वय शिक्षण, स्पर्धा परीक्षा आणि ग्रामीण भागात लग्नाच्या चर्चेचे. भरतीची जाहिरात दोन वर्षे लांबली, तर फटका केवळ पगाराचा नसतो. ‘आता पुरे झाले खेळणे’ असे घरातून म्हटले जाण्याची वेळ अलीकडे येते.

तिसरी अडचण प्रमाणपत्रांची. राज्यात काही वर्षांपूर्वी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघड झाली. त्यानंतर पडताळणी कडक झाली. ते योग्यच, पण खरे खेळलेल्या मुलीलाही आता प्रत्येक कागद सिद्ध करावा लागतो.

चौथी बाब नोकरीनंतरची. सरकारी सेवेत गेल्यावर सरावाला वेळ आणि स्पर्धेसाठी रजा मिळणे हे कार्यालयावर अवलंबून असते. टॉरासीचा रशियन क्लब तिला खेळण्यासाठी पगार देत होता. इथे पगार कामासाठी असतो आणि खेळ त्यातून वेळ काढून करायचा असतो.

परदेशाचा दरवाजा उघडेल का?

नजीकच्या काळात उलट दिशेने तो उघडण्याची शक्यता जास्त आहे. अल्टिमेट खो-खोच्या तिसऱ्या हंगामात परदेशी खेळाडूंना स्थान देण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली होती. कबड्डीप्रमाणे परदेशी खेळाडू भारतात येऊन कमावू लागले, तर त्यांच्या देशांत खेळ वाढेल आणि पुढे कधीतरी तिथे प्रशिक्षकांची, खेळाडूंची मागणी निर्माण होईल. धाराशिवच्या अनुभवी मुलींना परदेशात पहिली संधी मिळाली, तर ती खेळाडूपेक्षा प्रशिक्षक म्हणून मिळण्याची शक्यता अधिक आहे, कारण नव्या देशांना आधी शिकवणारे लागतात.

अमेरिकेतल्या महिलांच्या अनुभवातून इथे घेण्यासारखा धडा मात्र परदेशी जाण्याचा नाही. २०२० च्या सामूहिक करारात डब्ल्यूएनबीएतले कमाल मूळ मानधन २ लाख १५ हजार डॉलरपर्यंत वाढले. जानेवारी २०२५ मध्ये नफीसा कॉलिअर आणि ब्रियाना स्टुअर्ट या दोन खेळाडूंच्या पुढाकाराने मायामीत ‘अनरायव्हल्ड’ ही हिवाळी लीग सुरू झाली. सहा संघ, तीन-तीन खेळाडूंचा खेळ, एकच शहर आणि खेळाडूंना लीगच्या मालकीत वाटा. परदेशात न जाता कमाई व्हावी, हाच हेतू. ‘घरीच लीग’ उभी करायला वीस स्टेडियम आणि हजार कोटी लागतातच असे नाही. छोटा, पण नियमित हंगाम लागतो.

खो-खोत हे तुलनेने सोपे आहे. मॅट एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येते, सामना तासाभरात संपतो, एका सभागृहात दिवसाला तीन-चार सामने होतात. महाराष्ट्र, ओडिशा, दिल्ली, कर्नाटक, गुजरात, विमानतळ प्राधिकरण एवढ्या संघांतूनच चार-सहा संघांची महिला लीग भरता येईल इतक्या खेळाडू आज देशात आहेत. विश्वविजेतेपदानंतर ओळखीचे चेहरेही आहेत. कमतरता आहे ती दरवर्षी ठरलेल्या तारखांना पैसे घालणाऱ्याची.

जिल्ह्यातल्या पालकांनी आणि खेळाडूंनी काय लक्षात ठेवावे?

पहिले, स्पर्धा मान्यताप्राप्त आहे ना, हे खेळण्याआधी तपासावे. नोकरीच्या आरक्षणासाठी सगळ्याच संघटनांच्या आणि सगळ्याच स्पर्धांच्या प्रमाणपत्रांचा उपयोग होत नाही. दुसरे, प्रवेशिका, संघाची यादी, निकालपत्र, वृत्तपत्रातली कात्रणे आणि मूळ प्रमाणपत्र जपून ठेवावे. विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळणी भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता करून घ्यावी. तिसरे, दहावी-बारावीच्या वर्षी सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जातो की नाही, हे पाहावे. चौथे आणि सर्वात महत्त्वाचे, शिक्षण सोडू नये. क्रीडा आरक्षणातही पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच. पदवी नसेल तर राष्ट्रीय पदक असूनही वरच्या पदाचा दरवाजा उघडत नाही.

जिल्ह्यासाठी पुढच्या दोन-तीन वर्षांत तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागेल : महिलांची लीग जाहीर होते का, खो-खो आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात येतो का आणि राज्यातली क्रीडा कोट्यातली भरती वेळेवर होते का. पहिल्या दोन गोष्टी दिल्लीत आणि परदेशात ठरतील. तिसरी मुंबईत ठरते, आणि धाराशिवच्या मैदानावर आज सराव करणाऱ्या मुलीवर सर्वात आधी परिणाम तिचाच होणार आहे.